अख्तरीआपांचा आग्रह

लातुरात औसा रोडच्या आतल्या गल्ल्यांत घरं कमी आणि शिकवणी वर्गांच्या पाट्या जास्त आहेत. तिथं अख्तरीआपांच्या घरी पंगतीला बसणं सोपं होतं, उठणं अवघड होतं. पोरगी 'पुरे' म्हणाली की आपा तिसरी पोळी टाकत. 'खरंच पुरे' म्हणाली की चौथी. एखादीनं ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वरण खाली येई आणि पाठोपाठ तुपाची धार. कोणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर त्यानं त्या पोरींची बोटं बघायला हवी होती.

घर आपांचं स्वतःचं. खाली नवऱ्याचं, म्हणजे ताहेरभाईंचं शिंपीकामाचं दुकान आणि वर माडीवर डॉक्टर व्हायला निघालेल्या डझनभर पोरी. कोणी देगलूरची, कोणी उदगीरची, कोणी मुदखेडची. पोरींसाठी चूल वेगळी, भांडी वेगळी आणि त्या चुलीवर अंडंसुद्धा चढणार नाही, हा शब्द आपांनी पहिल्याच वर्षी पालकांना दिला होता आणि तो काटेकोर पाळला होता. मात्र तूप, तेल, साखर आणि साबुदाणा यांच्याबद्दल कोणी शब्द मागितला नव्हता.

आपा निवृत्त नर्सबाई. औशाकडच्या एका उपकेंद्रात त्यांनी उभी नोकरी काढली. त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे भूकंपानं गावंच्या गावं मातीत घातली. त्यानंतर आपांची कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडांत गेली. काम लेकरांची वजनं घेण्याचं. वरच्या लोखंडी पट्टीला स्प्रिंगचा काटा टांगायचा, त्याला चड्डीसारखी झोळी आणि झोळीत भोकाड पसरलेलं लेकरू. काटा मागच्या महिन्याच्या पुढं सरकला की आपांना जेवण गोड लागायचं. नाही सरकला तर घास उतरायचा नाही. 'वजन वाढलं' या दोन शब्दांइतकं गोड त्यांच्या कानाला दुसरं काही नव्हतं. पुढं त्या दरवर्षी सुदृढ बालक स्पर्धा भरवू लागल्या. ज्या बाळाचे डोळे गालांमुळं उघडत नसत त्याचा पहिला नंबर यायचा आणि बक्षीस म्हणून वनस्पती तुपाचा डबा मिळायचा. अशा बाईच्या हाती डझनभर वाढत्या वयाच्या पोरी दिल्यावर दुसरं काय होणार होतं?

हे सगळ्यात आधी कळलं ताहेरभाईंना. शिंप्याच्या टेपपासून काय लपतं? पोरी कपडे ढिले करून घ्यायला यायच्या. ताहेरभाई शिवण उसवायचे आणि आत सोडलेलं कापड बाहेर काढून नवी शिवण मारायचे.

"अख्तरी," ते एकदा जिन्यातून ओरडले, "तू वर वाढून राहिलीस, मी खाली उसवून राहिलो. लई जोरात चाललाय आपला जोडधंदा."

"तुम्ही नजर नका लावू लेकरांना," आपा वरूनच म्हणाल्या.

या पोरींत इरा आपांची फार लाडकी. मुदखेडच्या रेणुकादास मास्तरांची ही मुलगी. सातवीत असताना शेजारची शेळी अडली, तेव्हा बाकीची पोरं पळाली आणि ही एकटी शेवटपर्यंत शेळीचं डोकं धरून बसली. त्या दिवसापासून तिला डॉक्टर व्हायचं होतं. लातुरात आली तेव्हा ती शिडशिडीत होती. आपांनी ते मनावर घेतलं. वर्ष सरता सरता तिच्या निळ्या ड्रेसची शिवण दोनदा उसवून झाली आणि तिसऱ्यांदा ताहेरभाईंनी तो उलटा करून बघितला, तर आत उसवायला काही राहिलंच नव्हतं.

"आता कापड संपलं, बेटा," ते हळूच म्हणाले. इरा हसली, पण ड्रेस घेताना तिनं मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात इरा वर्गाच्या जिन्यात मटकन बसली. भौतिकशास्त्राचे बसवराज सर चौथ्या मजल्यावर शिकवत. लिफ्ट फक्त सरांसाठी. तिसऱ्या मजल्यावर इराला दम लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मैत्रिणींनी धरून घरी आणलं. आपा तिला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेल्या. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेचा आजार अजून घरात शिरलेला नाही, पण उंबऱ्यावर येऊन बसलाय. या वयात तो हाकलता येतो, हीच त्यातली बरी गोष्ट.

रेणुकादास मास्तर दुसऱ्या दिवशी रेल्वेनं आले. गणिताचे मास्तर, बोलणं मोजून मापून. स्वतःचंही पोट बऱ्यापैकी पुढं, पण त्याकडं लक्ष द्यायला त्यांना वेळ नव्हता.

"दिवाळीला परत रक्त तपासू," ते म्हणाले. "सुधारलेलं दिसलं तर ठीक. नाहीतर मी हिला मुदखेडला घेऊन जाणार. परीक्षा गेली तर गेली, माझी मुलगी मला धडधाकट पाहिजे."

इराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मुदखेडला परत जाणं म्हणजे शिकवणी बंद. शिकवणी बंद म्हणजे डॉक्टर होणं बंद, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. भूकंपातली लेकरं जगवलेल्या बाईच्या घरून एक पोरगी खाऊन खाऊन आजारी पडून परत जाणार होती.

आपांनी पदर खोचला आणि पथ्याचं वाळवंट सुरू केलं. इराच्या ताटात उकडलेला दुधी, बिनतेलाची भाजी आणि काकडी. काकडीची कोशिंबीर, काकडीचं थालीपीठ, नुसतीच काकडी. बिस्किटाचा डबा कपाटात, कपाटाची किल्ली आपांच्या कमरेला. भिंतीवर 'कमी खा, जास्त चाला' अशी पाटी लागली. समोरच्या भिंतीवर बसवराज सरांचं वेळापत्रक होतं, त्यात चालायला एक फटही नव्हती. जाता येता आपा इराला बोलत, "अगं, जरा मनावर घे की! सगळं तुझ्याच हातात हाय!"

इरानं मनावर घेतलं. पण पोटानं घेतलं नाही. एका सुटीच्या दुपारी ताहेरभाई दुकानाबाहेर तपकीर ओढत उभे होते, तेव्हा त्यांना माडीच्या खिडकीतून एक टोपली दोरीवरून खाली येताना दिसली. खाली फरहानचा गाडा होता. फरहान हा गल्लीतला समोसेवाला, एरवी वर्गाच्या दाराशी उभा राहणारा. त्यानं टोपलीत समोसे ठेवले, थंड पेयाची बाटली ठेवली आणि विहिरीचं पाणी शेंदावं तशी टोपली वर गेली.

"ओ नर्सबाई," ताहेरभाईंनी हाक मारली, "तुमची काकडी वर चालली बगा."

आपा माडीवर धडकल्या. इरा एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात समोसा घेऊन उभी होती. आता जोरदार रागवायचं म्हणून आपांनी तोंड उघडलं, तर पोरगी आधी रडायलाच लागली.

"आपा, सकाळी उठल्यापासून वर्गात बसते. दुपारची सुटी दहा मिनिटांची. घरी येऊन जेवायला वेळच न्हाई, म्हणून वर्गाखाली फरहानभाईंकडं जे असतं ते खायचं. मैदान न्हाई, रस्त्यावर पाय ठेवायला जागा न्हाई, समोरच्या चौकात जायला बी ऑटो. रविवारी आई लाडू आणते. अन् संध्याकाळी..."

"संध्याकाळी काय?"

"संध्याकाळी तुम्ही वाढता. मला भूक नसते, आपा. पुरे म्हणलं की तुमचं तोंड उतरतं. ते मला बघवत न्हाई, म्हणून मी खाते."

आपा खाली गेल्या आणि ताहेरभाईंच्या शिवणयंत्राशेजारी स्टुलावर बसून राहिल्या. त्यांना फार लागलं होतं. भूकंपानंतरच्या त्या पत्र्याच्या शेडात चांगुणा नावाच्या बाईचं एक तान्हं पोर होतं. नवरा, सासू, दोन मोठी लेकरं, सगळे ढिगाऱ्याखाली गेलेले. चांगुणाला दूध उतरत नव्हतं. आपांनी त्या पोराला चमच्या चमच्यानं पाजलं, दर सोमवारी काट्याला टांगलं, पण काटा पुढं गेलाच नाही आणि एका सोमवारी काट्याला टांगायला पोरच उरलं नाही. तेव्हापासून कोणाचं रिकामं ताट आपांना बघवत नसे. आणि एवढ्या वर्षांत कोणी त्यांना कधी थांबवलं नव्हतं.

ताहेरभाईंनी यंत्र थांबवलं.

"एक सांगा," आपा म्हणाल्या. "त्या वक्ताला लेकरं वाळलेली होती. आपण लेकरांना रागावलो होतो का? तू कामून वाळलास, मनावर घे, असं म्हणलो होतो का?"

"तान्ह्या पोराला काय म्हणणार?"

"न्हाई ना? पाणी बघितलं. दूध कुठून येतं ते बघितलं. आईला वक्त हाय का, चूल हाय का, ते बघितलं. मग या पोरीलाच मी कामून बोलून राहिले?"

दुसऱ्या दिवशी भिंतीवरची पाटी निघाली. काकडीला सुटी मिळाली. आणि आपा जुनी छत्री घेऊन गल्ली बघायला निघाल्या, तशा त्या पूर्वी साथ आलेल्या गावात विहिरी बघायला निघायच्या.

पहिला फरहान सापडला. त्याच्या गाड्यावर पुढं समोसे आणि रंगीत बाटल्या, पाठीमागं पाण्याचा माठ, तोही अर्धा रिकामा.

"पेरू ठेव. उकडलेले हरभरे ठेव. सकाळी सुशीला ठेव," आपा म्हणाल्या. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता. मराठवाड्यात तो घरोघर होतो आणि म्हणूनच कोणी विकत घेत नाही.

"आपा, पेरू कोण खातंय? माझा गाडा बसवून राहिल्या तुम्ही!"

"समोसा बंद कर म्हणले का मी? फक्त मागं सरकव. पोरांकडं दहा मिनिटं असतात, त्यांना जे पुढं दिसतं ते उचलतात. पेरू पुढं, मीठ-तिखट लावून. माठ पुढं. बाटल्या मागं."

फरहाननं नाक मुरडलं, पण लहानपणी आपांनी त्याला इतक्या सुया टोचल्या होत्या की त्यांना नाही म्हणायचं धैर्य त्याच्या दंडातच नव्हतं. आठवड्यानं तो स्वतःच जास्तीचे पेरू आणू लागला.

बसवराज सर मात्र सुईला भिणारे नव्हते. आपा त्यांच्या कचेरीत गेल्या, दुपारची सुटी मोठी करा म्हणाल्या. सरांनी चहा पाजला आणि अभ्यासक्रम, स्पर्धा, पालकांच्या अपेक्षा असं बरंच काही ऐकवून दारापर्यंत सोडायला आले. आपा घरी आल्या त्या बोटं मोडत.

अखेर काम झालं ते ताहेरभाईंच्या दुकानात. सर त्यांचं जुनं गिऱ्हाईक. एका संध्याकाळी ते पँट ढिली करून घ्यायला आले. पडद्यामागं गेले आणि पँट काढून ताहेरभाईंच्या हातात दिली. ताहेरभाईंनी ती उलटी केली, उजेडात धरली आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"सर, कापड संपलं."

"म्हणजे?" पडद्यामागून आवाज आला.

"तुमचं बी संपलं. तुमच्या वर्गातल्या पोरींचं बी संपून राहिलं. सकाळी बसल्या की रातीला उठतात, तुमच्यावानीच. आता कुठून आणू मी कापड?"

एवढ्यात आपा चहा घेऊन आल्या. सर पडद्याआड, पँट मेजावर आणि ताहेरभाईंच्या यंत्राची सुई नेमकी तुटलेली. नवी सुई शोधायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर आपांनी पडद्याशी बोलून घेतलं. पोरी घरी येऊन ताजं जेवतील, चालत येतील, चालत जातील, मग दुपारच्या तासाला डुलक्या घेणार नाहीत. सकाळचा पहिला तास थोडा उशिरा घ्या, पलीकडच्या शाळेचं मैदान तोवर मोकळं असतं, मी बोलून ठेवते. आणि तुम्हीही या.

"मी?" पडदा हलला.

"मग काय, दुसरी पँट शिवायची?"

सरांनी 'प्रयोग म्हणून' कबूल केलं. त्यावर लगेच सुई सापडली. महिनाभरात चाचणीचे गुण घसरले नाहीत, उलट दुपारच्या तासाला झोपणारे कमी झाले, तेव्हा सर तो प्रयोग स्वतःचाच म्हणून सगळीकडं सांगू लागले. आपांनी त्यांना तसं सांगू दिलं. लिफ्टचा वापर मात्र सरांनी कमी केला, हे त्यांच्या पँटवरून ताहेरभाईंना कळत होतं.

राहिले पालक. रविवारी फाटकातून पाऊल आत पडलं की प्रत्येक आईच्या तोंडून एकच वाक्य निघे, "किती वाळलीस गं!" पोरगी फाटकात मावेना झाली असली तरी हेच वाक्य. ते डोळ्यांचं बोलणं नसतं, लेक घरी नाही याचं दुःख असतं. आणि त्या दुःखावर उतारा म्हणून लगेच लाडवांचा डबा उघडतो. आपांनी स्वतः हे वाक्य हजारदा म्हटलं होतं, त्यामुळं त्याचा उपायही त्यांनाच सुचला. जो कोणी ते वाक्य म्हणेल त्यानं डबा उघडण्याआधी लेकीला घेऊन बाजारातल्या गोलाईपर्यंत चालत जायचं आणि चालतच परत यायचं. आधी आया रुसल्या. मग सवय झाली. देगलूरचे एक वडील तर मुद्दाम फाटकात उभे राहून ते वाक्य मोठ्यानं म्हणू लागले, कारण लेकीशी इतकं बोलणं त्यांचं आधी कधी झालंच नव्हतं.

सगळं जमलं, पण स्वतःचा हात आवरणं आपांना जमेना. पंगतीत वाढायचं नाही असं त्यांनी ठरवलं. भांडी मध्ये ठेवली, ज्यानं त्यानं हवं तेवढं घ्यावं. आपा भिंतीला टेकून बसत. पोरगी एका पोळीवर थांबली की त्यांचा हात आपोआप पोळ्यांच्या डब्याकडं जाई. मग पोरी एका सुरात "आपा!" म्हणून ओरडत आणि आपा हात मांडीखाली घालून बसत. ताहेरभाई जिन्यातून हे बघत आणि हसत. आपांना मात्र त्यात गंमत वाटत नसे. पहिले काही दिवस त्या पोरी झोपल्यावर ताटं घासता घासता रडल्या.

दिवाळी आली. रेणुकादास मास्तर आले. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर उंबऱ्यावरून मागं हटली. वजन फारसं उतरलं नव्हतं, अगदी थोडंच. मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. आकड्यांचा माणूस. त्यांना मोठा फरक हवा होता.

"दिसायला तर तशीच आहे," ते म्हणाले. "एवढ्यावर कसा विश्वास ठेवू?"

इरानं आतून वही घेतली आणि म्हणाली, "बाबा, माझा वर्ग बघायला चला." आपाही निघाल्या. तिघं चालत गेले. जिन्याशी आल्यावर मास्तर लिफ्टकडं वळले, तर इरा पायऱ्या चढायला लागलेली. तिचा आवाज वरून येत होता, परवाच्या चाचणीत कोणता प्रश्न कसा सोडवला ते ती सांगत होती. मास्तर तिच्या मागं निघाले. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला. तिसऱ्यावर, जिथं तेव्हा इरा बसली होती तिथंच ते मटकन बसले. इराचं बोलणं मात्र चौथ्या मजल्यापर्यंत अखंड चालू राहिलं, एका जागीसुद्धा तुटलं नाही. मग तिला मागं कोणी नाही हे कळलं आणि ती कठड्यावरून वाकून म्हणाली, "बाबा, कुठं राहिलात?"

मास्तर रुमालानं घाम पुसत होते. आपा त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांनाही धाप लागली होती, पण त्या हसत होत्या.

"साहेब, पोरगी ऱ्हाऊ द्या इथंच," त्या म्हणाल्या. "अन् जमलं तर तुम्ही बी ऱ्हावा थोडे दिवस."

मास्तरांना हसू आलं. दम परत आल्यावर ते म्हणाले, "राहू दे. पण हिची आई मला घरी गेल्या गेल्या विचारणार, वजन किती झालं? काय सांगू?"

उभा जन्म ज्या बाईनं माणसं काट्यावर ओळखली, तिनं वर जिन्याकडं बघितलं. वरून इराच्या चपला खाली येताना वाजत होत्या.

"वजनाचं नका सांगू," आपा म्हणाल्या. "सांगा, तुमच्या लेकीला 'पुरे' म्हणता येतं. अन् आता आपाला ते ऐकू येतं."